ही वाट कोणाची?



पाऊस उघडला, भाताची शेते पिवळी दिसू लागली, की आमच्या भागात एक निराळाच हंगाम सुरू होतो. शनिवारी-रविवारी सकाळच्या गाड्यांनी मुंबईची तरुण मंडळी पेणला, नागोठण्याला, रोह्याला उतरतात. पाठीवर पिशव्या, पायांत जाड बूट, डोक्यावर टोप्या. चहाच्या टपरीवर गडाची वाट विचारतात आणि डोंगराकडे चालू लागतात. संध्याकाळी अंगाला माती लागलेली, पाय दुखताहेत, पण चेहरे हसरे, अशी परत येतात. त्यांच्याकडे पाहून तुमच्यापैकी पुष्कळांना वाटत असेल, की आपल्या ह्या डोंगरांत ह्यांना एवढं काय सापडतं? आपण डोंगर चढतो तो मोळी आणायला, चुकलेलं गुरू शोधायला, नाही तर देवाच्या यात्रेला. नुसतं चालायला म्हणून कोण जातं?

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. वर्गात बसून किल्ले शिकवायचे आणि खिडकीतून दिसणारा किल्ला मुलांनी पाहिलेला नसायचा, हे मला बरं वाटेना. म्हणून एका हिवाळ्यात मुलांना घेऊन रोह्याजवळच्या अवचितगडावर गेलो. मेढा गावामागून पायवाट रानात शिरते आणि सावलीसावलीने चढत जाते. अर्ध्या चढावर एका मुलाने दम खाता खाता विचारलं, "सर, ही वाट कोणाची?"

मी मास्तर माणूस. प्रश्न आला की उत्तर देण्याची सवय. "सरकारची," असं चटकन म्हणून मोकळा झालो. पण वर पोचेपर्यंत ते उत्तर मलाच टोचत राहिलं. वन खात्याची हद्द होती, तेव्हा उत्तर खोटं नव्हतं. पण ते फार अपुरं होतं. ती वाट कोणी पाडली? तिच्यावरून कोणाला चालू देत आणि कोणाला अडवत? आज मुंबईचा मुलगा आणि गावचा गुराखी तिच्यावरून मोकळेपणाने चालतात, हा मोकळेपणा कधी आला, कोणी आणला? त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मी आज तुमच्याबरोबर शोधणार आहे. सुरुवात करू या धरमतरच्या खाडीपासून.

धरमतर हे गाव वडखळ आणि पोयनाड ह्यांच्या मधे, अंबा नदीच्या खाडीवर आहे. नावाची फोड करून पहा. 'तर' म्हणजे नदी किंवा खाडी उतरून जाण्याची नाव आणि तिची जागा. धर्मशाळेत भाडं नसतं, धर्मार्थ दवाखान्यात पैसे पडत नाहीत. तसाच 'धर्मतर' म्हणजे काही न मागता पैलतीराला नेणारी नाव. वाटसरूला वाट मोकळी असावी, तिचा व्यापार होऊ नये, हा विचार ह्या गावाच्या नावातच बसलेला आहे असं मला वाटतं. तो विचार मनात ठेवूनच पुढे जाऊ.

ही अंबा नदी खोपोली-खंडाळ्याच्या बाजूला सह्याद्रीत उगम पावते. जांभूळपाडा, पाली, नागोठणे अशी गावं घेत ती खाली येते, धरमतरला तिची रुंद खाडी होते आणि रेवसजवळ ती समुद्राला मिळते. इंग्रजी अमदानीत मुंबईची आगबोट धरमतरच्या बंदरात लागत असे. उतारू तिथून गाडी करून अलिबागला, पेणला, नागोठण्याला आणि पुढे महाडकडे जात. पाण्याची ही वाट सोयीची होती तशी जोखमीचीही होती. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन आषाढी अमावास्येला, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कुलाबा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत त्या दिवसाचं नाव पुढे अनेक वर्षं हळू आवाजातच निघे. नंतर खाडीवर पूल झाला, १९८६ साली रोह्यापर्यंत रेल्वे आली, १९८१ च्या पहिल्या दिवसापासून कुलाबा जिल्ह्याचं नावही रायगड झालं. आता २०२० पासून मुंबईहून मांडव्याला मोटारींसकट माणसं नेणारी मोठी बोट येते. मुंबई अशी जवळ आली, आणि म्हणूनच आपल्या पायवाटांवर पाहुण्यांची गर्दी वाढली.

पण ह्या वाटा पाहुण्यांसाठी झालेल्या नाहीत. त्या फार जुन्या आहेत.

अंबा नदीच्या काठाने उलट वर गेलात तर चावणी गावाजवळ उंबरखिंड लागते. फेब्रुवारी १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन घाट उतरला, कोकण जिंकायच्या इराद्याने. वाट दाट रानातली, अरुंद. एकामागे एक असंच चालावं लागे. शिवाजीमहाराजांनी त्याला आत येऊ दिलं आणि पुढची-मागची दोन्ही तोंडं बंद केली. पाणी नाही, पळायला जागा नाही. बरोबर रायबागन ही शहाणी बाई होती. तिने खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला असं सांगतात. खंडणी कबूल करून, सामानसुमान तिथंच टाकून फौज परत गेली. तोफा कोणाकडे जास्त होत्या, हा तिथं प्रश्नच नव्हता. वाट कोणाला ठाऊक होती, एवढाच प्रश्न होता. आज त्या जागी स्मारक आहे. तिथं उभं राहून दोन्ही बाजूंचे डोंगर पाहिले, की पाठ्यपुस्तकातला तो धडा मुलांना पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

त्या काळी वाट म्हणजे बळ होतं, आणि बळ कोणी सर्वांना वाटत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यांसंबंधी जे सांगितलं आहे त्याचा आशय असा, की गडाची वाट सुगम ठेवू नये, भोवतीचं रान जाणूनबुजून राखावं, त्यातली काठीही तोडू देऊ नये. आज अवचितगडाच्या किंवा सागरगडाच्या वाटेवर आपण गार सावलीतून चालतो ना? त्या सावलीचा जुना हेतू संरक्षणाचा होता. पोयनाड-अलिबागच्या मधे उभा असलेला सागरगड आणि पनवेलच्या बाजूचा कर्नाळा, हे दोन्ही १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्याव्या लागलेल्या तेवीस किल्ल्यांत होते. एवढ्या मोलाची जागा जिच्या टोकाला आहे, त्या वाटेवर पहारा असणारच. संध्याकाळी दरवाजा बंद झाला की झाला. लाकूड, गवत, दूध घेऊन वर जाणारा गावकरी ओळख पटल्यावरच आत जाई.

अवचितगडावर बारा कोनांचं एक देखणं दगडी तळं आहे. दक्षिणेच्या बुरुजावर शके १७१८ चा लेख आहे, म्हणजे इ. स. १७९६ चा. आमच्या मुलांनी तो बोट फिरवून फिरवून वाचला. एकाने विचारलं, "दगड फोडणाऱ्यांची नावं कुठं आहेत?" ती तिथं नाहीत. पण ते ज्या वाटेने दगड आणि पाणी वाहत, ती वाट मात्र आहे. आपण तिच्यावरूनच वर आलो होतो. नावं न लिहिलेल्या माणसांचा इतिहास असा पायांखाली असतो.

किल्ल्यांच्या वाटेवर पहारा होता, तसा रानाच्या वाटेवरही होता. रोह्याहून मुरुडकडे जाताना फणसाडचं अरण्य लागतं. हे जंजिरा संस्थानच्या नवाबांचं शिकारीचं रान. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि १९८६ साली ह्या रानाचं अभयारण्य झालं. ह्या रानातल्या पाणवठ्यांना तिथले लोक 'गाण' म्हणतात. उन्हाळ्यात सगळं रान तहानलेलं असताना गाणीवर जनावरं येतात. मोठाल्या झाडांवर शेकरू दिसतं. हीच ती मोठी, तांबूस, झुपकेदार शेपटीची खार, जिला महाराष्ट्राने आपला राज्यप्राणी मानलं आहे. गारंबीचे अजस्र वेल झाडांना विळखे घालून बसलेले दिसतात. ह्या रानात एके काळी राजाची बंदूक मोकळी होती आणि रयतेची कुऱ्हाड बंद होती. रान टिकलं ते काही अंशी त्यामुळेच, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. इतिहासात चांगलं आणि वाईट अशा दोन वेगळ्या टोपल्या नसतात. बहुतेक वेळा दोन्ही एकाच टोपलीत सापडतात.

आता इंग्रज सरकारकडे येऊ. १८७८ च्या जंगल कायद्याने रानं 'राखीव' झाली. रेल्वेला लाकूड हवं होतं, सरकारला उत्पन्न हवं होतं. ज्या रानात बापजाद्यांपासून गुरं चरत, फाटा मिळे, राब जाळायला टहाळ मिळे, तिथं आता पास, दंड आणि रखवालदार आले. सगळ्यांत जास्त मार बसला तो कातकरी-ठाकरांना. कातकऱ्यांचं नावच मुळी कातावरून पडलं. खैराच्या लाकडाचा कात पाडणं हा त्यांचा धंदा. खैरच राखीव झाल्यावर धंदा कुठला? रानातले मालक कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर मजूर झाले. वाट तीच राहिली. पण काल ज्या वाटेवर माणूस घरी जात होता, त्या वाटेवर आज तो चोर ठरला.

ही सल १९३० साली बाहेर आली. देशभर मिठाचा सत्याग्रह पेटला होता. जिथं मीठ पिकत नाही तिथं लोकांनी जंगलाचा कायदा मोडायला घेतला. आपल्या खाडीच्या उत्तरेला, आजच्या उरण तालुक्यात, चिरनेर गाव आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी गावोगावचे आगरी, कातकरी, ठाकूर शेतकरी कोयते घेऊन तिथल्या अक्कादेवीच्या रानाकडे निघाले. गवत-फाटा कापायचा आणि पकडलं तर तुरुंगात जायचं, एवढाच बेत होता. गोळीबार झाला. आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. त्या धुमश्चक्रीत सरकारी बाजूचीही माणसं गेली, त्यांत मामलेदारही होते. आज अक्कादेवीला धबधबा पाहायला पावसाळ्यात पुष्कळ लोक येतात, डबे उघडतात, गाणी म्हणतात. म्हणू देत. पण निदान एकदा तरी कोणी त्यांना सांगावं, की ह्या रानात पाऊल टाकायची किंमत आठ घरांनी दिलेली आहे.

डोंगरातून खाली खाडीवर या. इथंही वाट आहेच, बांधावरची. खाऱ्या जमिनीची ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बाहेरून मातीचा मोठा बांध घालतात. त्याला बाहेरकाठा म्हणतात. पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडण्यासाठी त्यात उघाडी ठेवतात. उधाणाला बांध फुटला की खारं पाणी आत येतं आणि भात काही वर्षं तरी धड होत नाही. म्हणून सगळ्या गावाने मिळून बांध राखायचा, ही इथली जुनी रीत. बांध शेतकऱ्याच्या घामाचा, पण जमीन खोताची आणि पिकातला मोठा वाटाही खोताचाच, अशी त्या काळची स्थिती होती.

पोयनाडजवळच्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांची सभा भरली आणि नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली ठरलं, की खोताची जमीन कसायचीच नाही. पंचवीस गावं संपावर गेली. किती दिवस? थोडेथोडके नव्हे, सहा वर्षं! शेतं ओसाड पडली. माणसांनी खाडीत मासे-खेकडे धरले, डोंगरातला फाटा विकला, अर्धपोटी दिवस काढले, पण हटली नाहीत. १६ डिसेंबर १९३४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले आणि त्यांनी संपाला पाठिंबा दिला. १९३९ साली संप मिटला. त्याच साली मुंबई इलाख्यात कुळकायदा झाला, त्यामागे ह्या खारेपाटाचा मोठा रेटा होता. पुढे १ एप्रिल १९५७ ला 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व कायद्याने अंमलात आलं. म्हणून म्हणतो, धरमतरच्या पुलावरून मोटारीने जाताना डाव्या-उजव्या हाताला जे बांध दिसतात, ती नुसती माती नव्हे. वाचता येणाऱ्याला तिथं इतिहास दिसतो.

इथं कोणी म्हणेल, की हे सगळं पोटाचं झालं; मौजेसाठी चालण्याशी ह्याचा काय संबंध? त्यासाठी तुम्हाला घटकाभर विलायतेला नेतो. इंग्लंडात मँचेस्टर हे गिरण्यांचं शहर. धुरात आठवडा काढलेल्या कामगारांना रविवारी जवळच्या डोंगरांवर जावंसं वाटे. पण ते माळ जमीनदारांनी पाखरांच्या शिकारीसाठी बंद करून ठेवले होते. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण कामगार, बंदी असताना, किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर चढले. बेनी रॉथमन हा वीस वर्षांचा पोरगा त्यांचा पुढारी. पाच जणांना तुरुंगवास झाला. पण लोकमत जागं झालं. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १७ एप्रिल १९५१ रोजी तोच भाग त्या देशाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरला.

चिरनेर १९३० चं, किंडर १९३२ चं. ते तरुण मोकळी हवा मागत होते, आपले शेतकरी गवत आणि फाटा मागत होते. गरज निराळी होती, पण समोरचं कुंपण एकाच जातीचं होतं. ज्याला पायांनी चालून जगायचं आहे त्याने कोणाला विचारून चालायचं, हाच दोन्हीकडचा प्रश्न होता.

आणि आता एक योगायोग पहा. तिकडे १७ एप्रिल १९५१ ला ते उद्यान झालं, आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १८ एप्रिल १९५१ ला, तेलंगणातल्या पोचमपल्ली गावात आपल्या एका माणसाला पहिलं भूदान मिळालं. 'आपल्या' असं मी मुद्दाम म्हणतो. विनोबांचा जन्म आपल्याच पेण तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ चा. बालपणाची पहिली वर्षं त्यांनी ह्याच डोंगरांच्या कुशीत काढली. पुढे हा माणूस तेरा-चौदा वर्षं भारतभर पायी चालला आणि लक्षावधी एकर जमीन मागून आणली. त्यातली किती जमीन भूमिहीनांच्या हाती खरोखर पडली, ह्यावर वाद आहे आणि तो असावा. पण पायी चालणं ही साधी गोष्ट केवढी मोठी होऊ शकते, हे त्यांनी दाखवलं. पायी जाणाऱ्याला प्रत्येक दारात थांबता येतं. मोटारीला ते जमत नाही.

स्वातंत्र्यानंतर रानांकडे पाहण्याची आपली दृष्टी हळूहळू बदलली. १९६८ साली कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य झालं. अंगठ्यासारखा सुळका मिरवणाऱ्या ज्या किल्ल्यासाठी लढाया झाल्या, त्याचं रान आता पाखरांसाठी राखलं गेलं. आणि पाखरांचं शास्त्र म्हटलं की आपल्या खाडीपलीकडच्या किहीमची आठवण होतेच. डॉ. सलीम अली ह्यांनी १९३० साली किहीमला राहून सुगरणीच्या वसाहतीवर महिनोन्‌महिने नजर ठेवली. नर घरटी विणायला घेतो, मादी येऊन ती तपासते, पसंत पडलं तर राहते, आणि मग नर दुसरं घरटं बांधायला लागतो, ही गंमत त्यांनी जगापुढे मांडली. शिक्षक बंधुभगिनींनो, ह्यासाठी त्यांना कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेत जावं लागलं नाही. आपल्या विहिरीवरच्या झाडाला लोंबणारी घरटी आपणही रोज पाहतो. फरक एवढाच, की ते थांबले आणि आपण पुढे गेलो.

रानातल्या माणसांचा हक्कही कायद्याने मानला, पण त्याला २००६ साल उजाडावं लागलं. त्या साली झालेल्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगणाऱ्यांची वहिवाट मान्य केली. म्हणजे १८७८ साली जी वाट बंद झाली, ती कागदावर उघडायला सव्वाशेहून अधिक वर्षं लागली.

आता आजची गोष्ट. धोका टळला असं समजू नका. पूर्वी पहारेकरी वाट अडवत, आता तार अडवते. डोंगराच्या पायथ्याच्या जमिनी विकल्या जात आहेत, त्यांवर बंगले आणि बागा उठत आहेत. विकत घेणाऱ्याने कायद्याने घेतलेलं असेल, त्याबद्दल तक्रार नाही. पण कुंपण पडतं ते कधीकधी नेमकं जुन्या पायवाटेवर. मग गुरं लांबून हाकावी लागतात, वाडीवरच्या पोरांची शाळेची वाट वाढते, देवळाची पालखी वळसा घेते. पुढच्या पिढीला तिथं वाट होती हेच ठाऊक राहत नाही. वाट अशी गुपचूप मरते. चिरनेरला निदान आवाज तरी झाला होता.

तेव्हा गावकऱ्यांनी आणि शिक्षकांनी दोन-तीन साध्या गोष्टी कराव्यात, असं मला सुचवावंसं वाटतं.

पहिली गोष्ट गावनकाशाची. तलाठी कार्यालयात तो पाहायला मिळतो. त्यावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. वरच्या वर्गातल्या मुलांना त्याची नक्कल करायला लावा आणि मग ती नक्कल हातात घेऊन शिवारात फिरा. कुठली वाट चालू आहे, कुठली मोडली, कुठली नकाशात नाही पण पायांखाली आहे, ते मुलांनीच टिपावं. भूगोल, इतिहास आणि नागरिकशास्त्र असे तीन तास एका फेरीत होतील. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. हे आपल्याकडे पुष्कळांना माहीत नसतं, आणि कळतं तेव्हा सातवा महिना लागलेला असतो.

दुसरी गोष्ट म्हाताऱ्या माणसांची. गावात ऐंशीच्या घरातली आजी असेल, तिला घेऊन बसा. मोळीची वाट कुठली, माहेरची कुठली, बाजाराची कुठली, कुठल्या झाडाखाली विसावा होता, कुठल्या झऱ्याचं पाणी वैशाखात टिके, हे तिला पाठ असतं. शेवळं कुठं उगवतात, कंटोळी कुठं मिळतात, हे कातकरीवाडीतल्या बाईइतकं कुठल्याही पुस्तकाला ठाऊक नाही. मुलांनी तिच्याकडून रानभाज्यांची नावं लिहून घ्यावीत आणि वहीवर तिचंही नाव घालावं. अवचितगडाच्या लेखात कारागिराचं नाव राहून गेलं. आपल्या वहीत तरी तसं होऊ नये.

तिसरी गोष्ट पाहुण्यांची. डोंगर पाहायला आलेल्यांना हसू नका आणि त्यांना लुबाडूही नका. पाणी विचारलं तर द्या, वाट विचारली तर नीट सांगा. निसरडी असेल, धबधब्याखाली जाणं धोक्याचं असेल, तर तेही खडसावून सांगा. गावातला एखादा तरुण वाटाड्या म्हणून बरोबर जाईल, तर त्याला दिवसाचे पैसे मिळतील आणि पाहुणे सुखरूप खाली येतील. आणि हा लेख मुंबईत बसून वाचणारे कोणी असतील तर त्यांनाही सांगतो. तुम्ही ज्या वाटेवर रविवारची हौस म्हणून चालता, तिच्यावर कोणाचा तरी सोमवार चालत असतो. प्लास्टिकचा कचरा टाकू नका, वणवा पेटेल असं काही करू नका, बांधावरून एकेकाने चाला, उभ्या पिकात शिरू नका. रानात हळू बोला. पेणजवळच्या सांकशी किल्ल्याच्या पायथ्याला बद्रुद्दीनचा दर्गा आहे, आणि सागरगडाच्या वाटेवर सिद्धेश्वराचं देऊळ आहे. दोन्हीकडे माणसं श्रद्धेने येतात. आपण तिथं पाहुणे आहोत, एवढं लक्षात ठेवलं म्हणजे पुरे.

असो. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र द्यायचं राहिलं आहे. त्या दिवशी गड उतरताना आम्ही पुन्हा त्याच जागी थांबलो. समोर कुंडलिकेचं पात्र चकाकत होतं, खाली रोह्याची कौलं आणि गिलाव्याची घरं दिसत होती. खालून दोन बाया मोळ्या घेऊन येत होत्या. वाट अरुंद होती. मुलं न सांगता एका बाजूला झाली, बायांना आधी जाऊ दिलं. त्यांतल्या एकीने मोळी सावरत विचारलं, "वर पाणी आहे का रं तळ्याला?" "आहे, मावशी," असं मुलांनी एका सुरात सांगितलं.

मी त्या मुलाला म्हणालो, "सकाळी तुला चुकीचं उत्तर दिलं. ही वाट सरकारची खरी, कागदावर. पण ती ज्यांनी पाडली त्यांची आहे, ज्यांनी तिच्यासाठी मार खाल्ला त्यांची आहे, आणि जो दुसऱ्यासाठी बाजूला सरतो त्याचीही आहे." त्याने मान हलवली. कळलं की नाही देव जाणे. पण पुढच्या वळणावर त्याने वाटेत आडवी पडलेली बाभळीची फांदी उचलली आणि मागून येणाऱ्यांच्या पायांत येऊ नये म्हणून कडेला टाकली.

धरमतरच्या जुन्या नावाड्याचा धर्म तो हाच.